साडूंच्या देखत जिलबी

आमच्या साडूंनी आजवर एकाही माणसाला सुखानं जिलबी खाऊ दिलेली नाही. हे मी रागानं म्हणत नाही, अनुभवानं म्हणतो. कडेगाव तालुक्यातल्या ज्या मांडवात ते पाऊल टाकतात, तिथले वाढपी जिलबीचं ताट पाठीमागं धरून चालायला लागतात, आणि एरवी सरपंचालाही न जुमानणारी पन्नाशीपुढची माणसं पानातली जिलबी भाताखाली दडवतात. त्या दडवणाऱ्यांत मीही आहे. भाताखालची जिलबी फार वाईट लागते, पण टाकवत नाही, आणि साडूंच्या नजरेसमोर खाववत नाही. त्यांच्याबरोबर पंगतीला बसायचं म्हणजे घास कमी आणि धाकधूक जास्त.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. कडेगावात स्टँडच्या अलीकडं त्यांचं मेडिकल आहे, पुढं दुकान आणि मागं घर. उंची बेताची, आवाज मात्र मोठा. शर्टाच्या एका खिशात पेन, दुसऱ्या खिशात शुगर तपासायचं मशीन. आमच्याकडं दोन माणसं भेटली की एक जण तंबाखू मळून दुसऱ्यापुढं धरतो. साडू समोरच्याचं बोट धरतात. "बघू, द्या जरा," म्हणेपर्यंत रक्ताचा ठिपका निघालेला असतो. मला शुगर आहे हे मला सासुरवाडीतल्या एका साखरपुड्यात कळलं, आणि माझ्याआधी शेजारी बसलेल्या पाहुण्यांना कळलं. कारण साडूंनी मशीनवरचा आकडा मोठ्यानं वाचला आणि माझ्या पानातला पेढा स्वतःच्या हातानं उचलून गाईला घातला. सांगलीला, विश्रामबागच्या आमच्या घरी निघेपर्यंत मी त्यांच्याशी बोललो नाही. बायको बोलली. तिनं दाजींचे आभार मानले.

दुकानात गेलेल्या माणसाला कुठलाही दुकानदार विचारतो, काय देऊ. आमचे साडू विचारायचे, "काल काय खाल्लं?" हा प्रश्न ते अशा सुरात टाकायचे की निम्मी गिऱ्हाइकं जागीच कबुलीजबाब द्यायची. कुणी म्हणायचं, चुलत्याकडं बारसं होतं, एकच लाडू घेतला. साडू गप्प. मग तो म्हणायचा, दोन घेतले. साडू अजून गप्प. शेवटी बासुंदीपर्यंत सगळं बाहेर आलं की मगच गोळ्यांची पट्टी कपाटातून खाली यायची. वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी सकाळच्या पट्टीला पिवळा दोरा आणि रात्रीच्या पट्टीला काळा दोरा बांधून द्यायची त्यांची पद्धत आहे. ते दोरे बांधताना त्यांच्या चेहऱ्यावर जे भाव असतात, ते इतर वेळी फार शोधून सापडत नाहीत.

एकदा माझ्यासमोरच एक बाई आल्या. म्हणाल्या, "माझ्या शेजारणीला ही गोळी लय लागू पडलीया. मला बी तीच द्या."

"शेजारणीचा चष्मा घालता का?"

"न्हाई."

"तिची कवळी लावता का?"

"शिव शिव. न्हाई बा."

"मग तिची गोळी कशाला? डॉक्टरांकडं जावा, चिठ्ठी आणा."

"आवं, तुमीच डॉक्टरासारकं हाय की."

कुणी हे वाक्य बोललं की साडू खरोखर संतापतात. "मी डॉक्टर न्हाई," असं त्यांनी इतक्या जोरात सांगितलं की बाहेर रिक्षातली माणसं वळून बघायला लागली. "काय घ्यायचं ते डॉक्टर सांगणार. ते तुमी खरंच घेता का, कवा घेता, आन अर्ध्यात सोडून देता का, एवढं मी बघतो. त्यालाच मला दिवस पुरत न्हाई." बाई गेल्या, आणि चार दिवसांनी चिठ्ठी घेऊन आल्याही. त्यांच्या पट्टीला दोरा बांधून झाला तेव्हा कुठं साडूंचा राग उतरला.

पुढचा छळ पायांचा. शुगरवाल्या माणसानं मेडिकलात पाऊल टाकलं की साडू आधी चप्पल काढायला लावतात, स्टुलावर बसवतात आणि तळपाय वर करायला सांगतात. भल्या सकाळी त्यांच्या दुकानावरून गेलं तर काउंटरपुढं रांगेनं वर केलेले पाय दिसतात. गावात नवीन आलेला एक बँकवाला चपला दुरुस्त करायच्या म्हणून तिथं शिरला होता. एकदा आटपाडीकडचा एक मेंढपाळ म्हातारा मेंढरं घेऊन उसाच्या पट्ट्यात उतरला होता, तो खोकल्याचं औषध मागायला आला. साडूंनी सवयीनं बोट धरलं, मशीन बघितलं आणि पाय वर करायला लावला. टाचेत बाभळीचा काटा मोडून आत बसलेला, भोवती पिकून निळं झालेलं, आणि म्हाताऱ्याला पत्ता नाही.

"दुखत न्हाई व्हय?"

"न्हाई. पाय लय गुणाचा हाय माजा."

साडूंचा चेहरा पडला. "बाबा, पाय गुणाचा न्हाई. शुगरनं पाय मुका झालाय," असं म्हणून त्यांनी म्हाताऱ्याला मोटारसायकलवर घातलं आणि दवाखाना गाठला. तोवर मेंढरं मेडिकलसमोर उभी होती आणि आमच्या मेव्हणीबाई काठी घेऊन त्यांच्यापुढं. म्हाताऱ्याचा पाय वाचला. दर वर्षी मेंढरं उतरली की तो आधी मेडिकलात येतो आणि न सांगता चप्पल काढतो.

तर असा हा माणूस. तालुक्यातल्या निम्म्या शुगरवाल्यांच्या गोळ्या तोंडपाठ, आणि ज्या एका माणसाच्या कळायला हव्या होत्या तेवढ्याच कळत नव्हत्या. तो माणूस म्हणजे आम्हा दोघांचे सासरे.

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणायचो. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, गावाकडं बागायती ऊस, भरघोस मिशा आणि त्याहून भरघोस राग. मामा रागावलेले नसतात तेव्हा झोपलेले असतात, असं आमच्या सासुरवाडीत गमतीनं म्हणत, पण मामा जागे असताना म्हणत नसत. त्यांना शुगर निघाली तेव्हा चिठ्ठी घेऊन ते सरळ थोरल्या जावयाच्या मेडिकलात गेले. साडूंनी गोळ्या दिल्या. मामांनी नोट पुढं केली. साडूंनी कानाला हात लावला, सासऱ्याकडनं पैसे घ्यायचे म्हणजे काय. मामांनी गोळ्या काउंटरवर ठेवल्या, लेकीच्या घरचं फुकट न्यायचं म्हणजे काय. नोट पुढं, गोळ्या मागं, गोळ्या पुढं, नोट मागं, असं बराच वेळ चाललं. दोघंही हट्टाला सारखेच. शेवटी नोट खिशात गेली आणि गोळ्या कपाटात.

तेव्हापासून मामा गोळ्या घ्यायचे ते कधी सांगलीत, कधी कराडला, कधी विट्याला, जिथं काम निघेल तिथून. कुठली घेतात, किती घेतात, कुणाला ठाऊक नाही. साडूंनी विचारलं की, "सगळं ओक्के हाय," एवढं सांगून मिशीवरून हात फिरवायचे. इकडं मामांच्या मनातही एक सल होता. साडू सासुरवाडीच्या कार्याला यायचे, पंगतीतून पहाऱ्यासारखे फिरायचे आणि सगळ्यांच्या पानातलं गोड मोजता मोजता स्वतः जेवायचेच राहून जायचे. "माज्या दारातनं जावई उपाशी जातोय. भावकी हसती मला," असं मामा मला सांगायचे. आणि साडू मला सांगायचे, "सगळ्या गावाच्या गोळ्या मला म्हाईत हायत साडू, आन मामांच्या न्हाईत. एक दिवस काय तरी हुईल आन मी नुसता बगत ऱ्हाईन." दोघं एकमेकांना काही सांगत नव्हते. धाकटा जावई हा घरातला निरोप्या असतो. पण हे असले निरोप पोचवायचे कसे, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

अशात मामांच्या नातीचं, म्हणजे मेव्हण्याच्या मुलीचं लग्न निघालं. कार्यालय कडेगावच्या रस्त्याला. मामांनी आधीच बजावलं होतं, ताटं हातात घेऊन उभ्यानं खायचं थेर माझ्या नातीच्या लग्नात नको, पंगतीच बसतील. आणि पंगती म्हटल्यावर दुसरी गोष्ट ठरलेलीच. घरचा कर्ता माणूस शेवटच्या पंगतीला बसणार. शेवटचा पाहुणा हात धुऊन उठल्याशिवाय मामा अन्नाला शिवणार नाहीत.

आता मागाहून कळलेली एक गोष्ट इथंच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. जिलबी हा मामांचा जीव की प्राण. त्या दिवशी दुपारी जिलबी खायचीच, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि जिलबीचा बंदोबस्त म्हणून सकाळीच नेहमीच्या गोळीबरोबर आणखी एक गोळी घेऊन ठेवली होती. मोर्च्यावर जाताना दारूगोळा जादा घ्यावा, हा त्यांचा हिशोब. ही चूक मामांनीच केली असं नाही. आमच्याकडं लग्नसराईत कितीतरी लोक बिनधास्त करतात. वर पोटात काय, तर पहाटेचा कोरा चहा. मुहूर्त दुपारचा होता. मुहूर्त गाठला असता तरी मामांची पंगत बसायला तिन्हीसांज व्हायची, पण निदान घरातल्या बायकांनी मध्येच काहीतरी पोटात घालायला लावलं असतं. मुहूर्त गाठलाच नाही.

नवरदेव आदल्या दिवशीच आला होता. त्याची आजी, त्याचा मामा आणि निम्मं वऱ्हाड पुण्याहून बसनं यायचं होतं. बसनं कराड गाठायला हवं होतं तेव्हा फोन आला, बस शिरवळला बंद पडलीय. मेव्हण्याच्या तोंडचं पाणी पळालं. नवरदेवाची आजी आणि मामा नसताना अक्षता कशा टाकायच्या? दुसरी गाडी ठरवेपर्यंत वेळ गेला. मग दर थोड्या वेळानं मांडवात बातमी फिरायला लागली. शिरवळ सोडलं. घाट चढले. साताऱ्याजवळ आले. तोवर माइकवरच्या माणसानं सत्कार सुरू केले. आधी पुढाऱ्यांचे झाले, मग सोसायटीच्या संचालकांचे, मग ज्यांना आपला सत्कार होतोय हे कळायला वेळ लागला अशांचेही. स्वयंपाक तयार होता, जिलबीचा वास मांडवभर पसरला होता, आणि मंगलाष्टकांआधी पान मांडायचं नाही म्हणून सगळे उपाशी. साडू मात्र आचाऱ्यापाशी ठाण मांडून होते, जिलबीच्या पातेल्यावर नजर ठेवून.

मी दारात मामांच्या शेजारी उभा होतो. बँडवाल्यानं चुकीच्या पाहुण्यांसाठी वाजवलं, मामा काही बोलले नाहीत. कुणाची तरी जीप बरोबर दारात आडवी लागली, मामा काही बोलले नाहीत. एका वाढप्याच्या हातून पाण्याच्या पेल्यांचा अख्खा ट्रे मामांच्या पायांवर पडला. मी डोळे मिटून घेतले. मामा म्हणाले, "असू द्या, असू द्या." मला वाटलं, नातीच्या लग्नानं म्हातारा निवळला. इतकं बरं वाटलं मला की ही आनंदाची बातमी सांगायला मी साडूंकडं गेलो. म्हटलं, "साडू, नवल ऐका. आज मामा कुणावरही ओरडले नाहीत."

साडूंनी माझ्याकडं बघितलं. मग हातातलं झाकण तसंच टाकून, पायात चप्पल न घालता ते दाराकडं पळाले. मला काहीच उमगलं नाही, पण मीही मागं पळालो.

मामा खुर्चीवर बसले होते. पाहुणे दारात असताना मामा बसलेत, हे मी पहिल्यांदा बघत होतो. गारठ्याचे दिवस, आणि फेट्याची कड घामानं भिजलेली. समोर कुणी नव्हतं, तरी मामा दोन्ही हात जोडून नमस्कार करत होते आणि ते हात थरथरत होते. साडूंनी एक हात सोडवून बोटाला सुई टोचली. मशीनवरचा आकडा त्यांनी या वेळी मोठ्यानं वाचला नाही. मला दाखवला नुसता. मला त्यातलं कळत नाही, पण साडू आकडा मोठ्यानं वाचत नाहीत म्हटल्यावर मला खरंच भीती वाटली.

"साखर आणा. पाण्यात घालून आणा. पळा," साडू ओरडले.

तोवर मेव्हणा आणि भावकीतली माणसं गोळा झाली होती. चुलत सासऱ्यांनी खिशातून स्वतःची गोळ्यांची पट्टी काढली. म्हणाले, "शुगरची चक्कर हाय ही. गोळी घाला आदी तोंडात."

साडूंनी पट्टी त्यांच्या हातातून हिसकावून आपल्या खिशात टाकली. "गोळी न्हाई. शुगर खाली गेलीया."

"खाली गेलीया?" मेव्हण्याचा जीव भांड्यात पडला. "मग चांगलंच झालं की, दाजी."

यात मेव्हण्याचा काय दोष? कमी आली की चांगली, जास्त आली की वाईट, हे साडूंनीच साऱ्या गावाच्या डोक्यात वर्षानुवर्षं ठोकून बसवलं होतं. साखर म्हणजे वैरी, हेही त्यांचंच. आता तोच माणूस मामांच्या तोंडात साखर घालायची म्हणत होता, आणि लोक त्यांचे दंड धरून त्यांना मागं ओढत होते. "आवं, मारता काय म्हाताऱ्याला," असं कुणीतरी म्हणालं. साडूंच्या आणि मामांच्या नोटेची आणि गोळ्यांची गोष्ट सगळ्या भावकीला ठाऊक होती. काही जणांच्या नजरेत मला जे दिसलं ते मी इथं लिहीत नाही.

मी मध्ये पडलो. मी फार शूर माणूस नाही, पण त्या वेळी मेव्हण्याला मी अक्षरशः ढकललं आणि म्हणालो, "दाजी काय सांगतात ते ऐका." तेवढ्यात आचाऱ्यानं साखरपाण्याचा पेला आणला. साडूंनी तो मामांच्या ओठाला लावला. मामांनी दात घट्ट मिटले. डोळे कुठंतरी लांब लागलेले, शब्द जड झालेले, पण एवढं मात्र स्पष्ट बोलले, "पाव्हणं... जेवल्याबिगर... न्हाई." आणि हातानं पेला उडवला. दुसरा आणला, तोही उडवला. मेव्हणा म्हणाला, धरून ओतू का. साडू म्हणाले, "न्हाई. नरड्यात अडकंल. त्यांनी आपण होऊन गिळलं पायजे." मग मला म्हणाले, "डॉक्टरांना फोन लावा." मी लावला. डॉक्टर निघतो म्हणाले. पण ते येईपर्यंत काय, हे कुणाला माहीत नव्हतं. मामांची मान एका बाजूला कलायला लागली होती.

साडू एकदम उठले आणि स्टेजकडं पळाले. तिथं गुरुजी पूजेचं मांडून बसले होते. साडूंनी त्यांच्यापुढचं पंचपात्र उचललं, ते स्वयंपाकघरात नेऊन साखरेच्या दाट पाण्यानं भरलं, वर तुळशीचं पान टाकलं आणि पळी घेऊन परत आले. मामांच्या कानाशी वाकून नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "मामा, तीर्थ."

मामांचा उजवा हात पुढं आला. डोकं ठिकाणावर नव्हतं, माणसं ओळखू येत नव्हती, पण हात पुढं आला, तळव्याचा खळगा झाला आणि डावा हात त्याच्याखाली गेला. तीर्थाला कधी कुणी नाही म्हणतं का? साडूंनी पळी ओतली. मामांनी ओठ लावले, गिळलं आणि सवयीनं हात डोक्यावरून फिरवला.

"हे गणपतीचं झालं. आता हे जोतिबाचं." मामांनी घेतलं. "हे पालीच्या खंडोबाचं." घेतलं. "हे तुळजाभवानीचं." घेतलं. साडू एक एक देव आठवून पळी ओतत होते आणि पुढचा देव सुचला नाही की माझ्याकडं बघत होते. मी शिखर शिंगणापूरचा महादेव दिला, औंधची यमाई दिली. ज्या माणसानं सत्यनारायणाच्या पूजेत माझ्या हातातला शिरा काढून घेतला होता, तो मामांना साखर पाजत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मागं माइकवर कुणाचा तरी सत्कार चाललाच होता.

थोड्या वेळानं मामांचे हात थरथरायचे थांबले. मग त्यांनी मान वर केली, दारात आडव्या लागलेल्या जीपकडं बघितलं आणि जीपवाल्याच्या आईला उद्देशून एक अस्सल फौजी शिवी हासडली. ती ऐकून आमच्या मेव्हणीबाई रडायला लागल्या. इतकी वर्षं ज्या शिव्यांना घर टरकून होतं, त्यातली ही एक सगळ्यांना ओवीसारखी वाटली.

डॉक्टर आले. त्यांनी तपासलं, मामांकडून सकाळच्या जादा गोळीचं वदवून घेतलं, साडूंच्या पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं की धोका अजून टळलेला नाही, ही गोळी बराच वेळ अंगात काम करत राहते, तेव्हा यांना आत्ता लगेच जेवायला घाला आणि मग दवाखान्यात आणा, उद्यापर्यंत नजरेखाली ठेवू. म्हणजे पुन्हा तेच. मामांना खोलीत नेलं, पुढं वरण-भात आणि भाकरी ठेवली, आणि मामा आता पूर्ण शुद्धीत असल्यामुळं पूर्ण शुद्धीत नाही म्हणाले. पाहुणे उपाशी असताना सुभेदार जेवला असं कुणी म्हणायला नको. मेव्हण्यानं हात जोडले, लेकी रडल्या. मामा ताटाकडं बघेनात.

साडू भिंतीला टेकून उभे होते, अनवाणी, शर्टावर साखरेचं पाणी सांडलेलं. मामांची नजर त्यांच्यावर गेली. मामा म्हणाले, "पाव्हणं, तुमी जेवला का?"

"न्हाई."

"कवाधरनं?"

"सकाळपास्नं. मामा, खरं सांगू का, तुमच्या दारात मी कवाच जेवलो न्हाई. आज जेवतो. पर तुमी ताटावर बसला तर. न्हाईतर मी बी असाच उपाशी जातो."

पाहुणे उपाशी ठेवायचे नाहीत हे खरं, पण जावई उपाशी दारातून परत पाठवायचा, हे त्याहून वाईट. मामांना हे दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी मेव्हण्याला हुकूम सोडला, "बगतोस काय? दुसरं ताट आण." साडू मांडी घालून समोर बसले. मामांनी भाकरी मोडली, पहिला घास जावयाच्या ताटात ठेवला आणि दुसरा स्वतःच्या तोंडात घातला. दोघांनीही ताटं संपवली. मी दारात उभा राहून कुणाला आत येऊ दिलं नाही.

बस पोचली, अक्षता पडल्या. अक्षता टाकल्याशिवाय मामा दवाखान्यात जायला तयार नव्हते; ते खुर्चीवर बसून होते, आणि साडू शेजारी बसून दर दोन मंगलाष्टकांनी त्यांचं बोट टोचत होते. फोटोवाल्यानं काढलेल्या प्रत्येक फोटोत एका कोपऱ्यात ते बोट आहे. जिलबी मामांना त्या दिवशी मिळाली नाही. दवाखान्यात जाताना पातेल्याकडं बघून ते म्हणाले, "पुढच्या नातीला बगू."

त्यानंतर साडू बदलले. लोकांना ते कळायला वेळ लागला, मला लवकर कळलं. मेडिकलात गेलेल्या माणसाला ते "काल काय खाल्लं?" विचारेनासे झाले. "जेवलात का?" असं विचारायला लागले. सकाळी, दुपारी, कधीही. गोळी देताना आता आधी हे, मग बाकीचं. गोड खायचं म्हणून जादा गोळी घेऊ नका, जेवण लांबलं तर काय करायचं, घाम फुटून हात कापायला लागले तर काय करायचं, हे ते म्हाताऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगतात. "मी निम्मंच शिकवलं होतं," असं ते मला एकदा म्हणाले. पाय वर करायला मात्र अजूनही लावतात.

नोटेचं आणि गोळ्यांचं कोडं मामांनीच सोडवलं. दर महिन्याला ते गावाकडून जेवणाचा डबा घेऊन मेडिकलात यायचे, काउंटरमागच्या लाकडी खुर्चीत बसायचे, दोघं मिळून डबा संपवायचे आणि मग मामा गोळ्या घेऊन जायचे. जावई माझं अन्न खातो, मी त्याच्या गोळ्या खातो, यात फुकट काय आलं, असं ते भावकीला सांगायचे. पुढं पुढं महिन्याचा आठवडा झाला, वारही ठरून गेला. डब्यात कधी कधी जिलबीचा एक तुकडा असायचा, आणि साडू तो मामांच्या हातानं अर्धा मोडून घ्यायचे.

गेल्या पावसाळ्यात मामा गेले. शुगरनं नाही, वयानं, झोपेत. तेराव्याच्या गोड जेवणात साडू कुणाच्या पानाकडं बघत फिरले नाहीत. वाढायची बादली हातात घेऊन गुमान वाढत राहिले. त्या दिवशी कुणीही जिलबी भाताखाली लपवली नाही, आणि खाल्लीही नाही फारशी.

परवा दुपारी साडूंचा फोन आला. रोजच येतो. "साडू, जेवलात का?"

मी म्हटलं, "बसतोच आहे. तुम्ही?"

पलीकडं गिऱ्हाइकाचे सुटे पैसे मोजल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "न्हाई अजून. आज मामांचा वार, न्हवं का. बसवंना एकट्यानं."

मी म्हटलं, "थांबा, येतो मी."

"आवं न्हाई, सांगलीहून किती वेळ लागंल. तुमी गोळी घेतली असंल. आदी जेवा, मग पायजे तर या."

गोळी मी घेतली नव्हती. बायकोनं भाकरी, वांग्याची भाजी आणि ताकाची बाटली बांधून दिली, आणि मी विश्रामबागहून कडेगावची एसटी धरली. मेडिकलात पोचलो तर साडूंनी डब्याकडं न बघता आधी माझं बोट धरलं, मशीन बघितलं आणि मगच हात धुवायला गेले. मामांची खुर्ची काउंटरमागं होती तिथंच होती. तिच्यावर बसलो नाही. स्टूल ओढून घेतलं आणि डबा उघडला.